झिपरीचा डोळा

शुद्धलेखनाच्या चुका आधीच पोटात घाला. माझी शाळा चौथीपर्यंत झाली, तीही हिंदीतून. मराठी घरात बोलली तेवढीच. ऱ्हस्व आणि दीर्घ यांच्यात माझ्या हाताने कधी भेद केला नाही. अक्षरही वाईट आहे. वाईट अक्षराला लोक कोंबडीचे पाय म्हणतात. माझं तर धंद्यानंच तसं झालं असेल.

आमच्या बचत गटाच्या ताईंना दिवाळीला एक छोटा अंक काढायचा आहे. त्या म्हणाल्या, "सुमन, तू तुझ्या कामाचं लिही." मी हो म्हटलं, कारण नाही म्हटलं असतं तर कारण सांगत बसावं लागलं असतं, आणि चारचौघींत बोलणं मला जमत नाही. लिहून झाल्यावर ताईंना देईन की पिठाच्या डब्याखाली ठेवून देईन, हे अजून ठरलेलं नाही.

मी रामाकोन्याला पशुसखीचं काम करते. गावात कोणी कोंबड्यांची डॉक्टरीण म्हणतात. मी डॉक्टरीण नाही. गटातून आम्हा काही बायांना सौंसरला शिकायला पाठवलं होतं. तिथं लस टाकणं, जंताचं औषध पाजणं, जखम धुणं एवढं शिकवलं. त्यापुढचं काही असेल तर ढोरांच्या दवाखान्यात फोन करायचा, हेही शिकवलं, आणि मला वाटतं तेच सगळ्यात कामाचं शिकवलं.

लहान पिल्लांची लस टोचायची नसते. तिचा एकेक थेंब डोळ्यात टाकायचा असतो. पिल्लू मुठीत धरायचं, मान तिरपी करायची, थेंब सोडायचा, आणि त्यानं डोळा मिचकावला की खाली ठेवायचं. मिचकावल्याशिवाय सोडलं तर थेंब गालावरून ओघळतो आणि लस वाया जाते. त्यामुळे मी दिवसभर पिल्लांच्या डोळ्यांत बघत असते. आमचे हे म्हणतात, "माणसाच्या डोळ्यात पाहून बोलत नाई, अन् कोंबडीच्या डोळ्यातून नजर काढत नाई."

या कामात माणसं तऱ्हेतऱ्हेची भेटतात. एक मास्तरीणबाई आहेत. मोठ्या कोंबड्यांना टोचावंच लागतं, तर त्या आपल्या कोंबड्याला पोटाशी धरून म्हणाल्या, "याला हळू टोच हं, हा फार हळवा आहे." त्याच हळव्याने माझ्या मनगटाचा लचका तोडला. किराणा दुकानवाले एकजण तर मेलेली कोंबडी पिशवीत घालून घेऊन आले आणि म्हणाले, "पाय बापा, काई होते का." मी पाहिलं. काही होत नव्हतं.

हसून सांगते, पण एक गोष्ट मनाला लागून आहे. मान वाकडी पडणारा रोग येतो, त्याची लस आधी द्यावी लागते. मी दारोदार जाते तेव्हा लोक म्हणतात, आमच्या कोंबड्या चांगल्या आहेत, कायले पायजे. मग माना वाकड्या झाल्या की पळत येतात. तेव्हा माझ्या लसीच्या डब्यात फक्त बर्फ उरलेला असतो. मला जोरात बोलता आलं असतं, तर काही खुराडी रिकामी झाली नसती.

एकदाच मी जोरात बोलले. ते झिपरीमुळे.

झिपरी ही आमच्या शेजारच्या पार्बताआजीची कोंबडी. उलट्या पिसांची. अशा कोंबडीची पिसं अंगासरशी बसत नाहीत, बाहेरच्या बाजूला वळलेली असतात, त्यामुळे ती नेहमी नुकतीच कोणाशी तरी भांडून आल्यासारखी दिसते. अशी कोंबडी सहजासहजी मिळत नाही. आजीने तिच्यासाठी लोधीखेड्याचा बाजार अनेकदा पालथा घातला होता, कारण ती नवसाची होती.

आजीच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू झाला होता. आजी एकटी राहते, स्वतःची भाकर स्वतः थापते, त्यामुळे डोळ्याची तिला फार धास्ती. ऑपरेशनच्या आधी ती गावाबाहेर मातामायच्या, म्हणजे देवीच्या, ठाण्यावर गेली आणि बोलली, "डोळा कोरा झाला तं उलट्या पिसाची कोंबडी वाहीन. अंगावर खोट नसलेली." ऑपरेशन झालं. काळा चष्मा लागला, डोळ्यात टाकायचे थेंब मिळाले. चष्मा निघाला की नवस फेडायचा, असं ठरलं.

आणि एका सकाळी आजी माझ्या दारात उभी.

"सुमन! अवं सुमन! बाहेर ये वं. मातामायनं माहं दुखणं हिच्या डोळ्यात टाकलं!"

आजीच्या डोळ्यावर काळा चष्मा आणि काखेत झिपरी. झिपरीचा उजवा डोळा सुजून बंद झालेला.

"पाय नं, उजवाच," आजी म्हणाली. "हिचा डोळा गेला तं नवस कसा फिटन? अन् नवस नाई फिटला तं माहा डोळा ठेवन का थे?"

म्हणजे आजीच्या हिशेबाने तिचा डोळा आणि झिपरीचा डोळा एकाच दोरीत बांधलेले होते, आणि ती दोरी तिने माझ्या हातात दिली.

कोंबडीच्या डोळ्याचं दुखणं बाहेरच्या माणसाला साधं वाटतं. आधी डोळ्याच्या कोपऱ्यात साबणाच्या फेसासारखे बुडबुडे येतात, मग पापणी सुजते, मग डोळा मिटतो. कोंबडीचा पू माणसासारखा वाहत नाही, थिजतो. पापणीखाली पनीरसारखा पिवळा गोळा बसतो, आणि तो काढल्याशिवाय कितीही मलम लावलं तरी वरच्या वर राहतं. उकळून कोमट केलेल्या मिठाच्या पाण्यात स्वच्छ फडकं भिजवून डोळ्यावर धरायचं. गोळा मऊ होईपर्यंत थांबायचं. मग अंगठ्याने खालून हळू वर सरकवायचं. घाई केली तर गोळ्याबरोबर डोळाही जातो. या कामात माझा लाजाळूपणा उपयोगी पडतो. मला कशाचीच घाई नसते.

मी दवाखान्यात फोनवर विचारून मलम आणलं. गोळा काढला. झिपरीने डोळा उघडून माझ्याकडे पाहिलं. दोन दिवस छान गेले. मग डोळा पुन्हा मिटला.

मी पुन्हा शेकलं, पुन्हा गोळा काढला. डोळा उघडला, सूज उतरली, मी निश्चिंत झाले, आणि पुन्हा मिटला. असं काही आठवडे चाललं. आजीच्या खुराड्यात उवा होऊ नयेत म्हणून चुलीची राख पसरलेली होती. ती डोळ्यात जात असेल म्हणून मी सगळी काढली, खुराडं धुऊन उन्हात वाळवलं. बाकीच्या कोंबड्यांपासून झिपरीला वेगळं ठेवलं. शेवग्याचा पाला खाऊ घातला. एवढं करूनही तेच. माझ्या घरी ठेवू का म्हटलं तर आजी म्हणे, "देवीची अमानत आहे, दुसऱ्याच्या घरी झोपत नसते."

हातपंपावर बाया विचारायच्या, "काय वं डाक्टरीणबाई, उघडला का डोळा?" मी मान खाली घालून पाण्याचा गुंड भरायची आणि घरी यायची. एरवी माझं कोणी नाव घेत नाही तेच मला बरं वाटतं. आता सगळे घेत होते.

एका दुपारी मी नेहमीची वेळ नसताना आजीकडे गेले. मलमाची ट्यूब तिथेच विसरली होती, एवढंच. आजी अंगणात बाजेवर बसली होती. काळा चष्मा कपाळावर, मान मागे, हातात थेंबाची शिशी. तिने आपल्या डोळ्यात एक थेंब टाकला. मग मांडीवरच्या झिपरीची मान धरली, तिची पापणी वर केली, आणि तीच शिशी तिच्या डोळ्याला टेकवून एक थेंब तिला टाकला. मग शिशीचं तोंड पदराने पुसलं आणि झाकण लावलं.

"आजी!"

माझा आवाज एवढा मोठा निघाला की झिपरी मांडीवरून उडाली आणि समोरच्या घरातून कोणीतरी डोकावलं.

"काय वं, साप पायला का?" आजी म्हणाली.

"हे कोणतं औषध टाकून राहिले तुमी?"

"माहंच. डाक्टरनं देल्लेलं."

"तुमचं औषध कोंबडीच्या डोळ्यात?"

"मंग? नवस एकच, दुखणं एकच. मले ज्यानं गुण आला थे तिले काऊन नाई चालन? रोज टाकतो. एक थेंब मले, एक तिले. तुह्या त्या मलमापेक्षा महाग आहे हे."

"अन् शिशीबी एकच?"

"तू नाई का टाकत एका शिशीतून साऱ्या गावच्या पिल्लायच्या डोळ्यात? म्या पायलं नं. तुह्यापासूनच शिकली."

खरंच तर होतं. मग म्हटलं, "माह्या शिशीचं तोंड डोळ्याले लागत नाई आजी. थेंब वरून पडते. तुमच्या शिशीले तिच्या डोळ्यातली घाण लागते, अन् थे तुमच्या डोळ्यात जाते. कापलेला डोळा आहे तुमचा!"

"पुसतो नं म्या."

"पदरानं!" मी पुन्हा ओरडले. मी तिच्याजवळ बसून तिचा डोळा पाहिला. पांढऱ्या भागात लाल रेघा होत्या. कोंबडीच्या डोळ्याची मला भीती वाटत नाही. त्या डोळ्याची वाटली.

दुसऱ्या सकाळी आम्ही तिघी बसने सौंसरला निघालो. आजी झिपरीला सोडून यायला तयार नव्हती, म्हणून ती कापडी पिशवीत, फक्त डोकं बाहेर. कंडक्टर म्हणाला, "हिचं तिकीट?" आजी म्हणाली, "हे बी इलाजालेच चालली. म्हातारीपाशी तिकीट मागतं अन् बिमारापाशी बी मागतं?" त्याने आम्हा दोघींचंच फाडलं.

आधी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो. ते हिंदी बोलणारे. बाहेरच्या रांगेत मी सगळं मनात जुळवून ठेवलं होतं, आत गेल्यावर सगळं विसरले. शेवटी एवढंच निघालं, "साहब, इन्होंने अपनी दवाई झिपरी की आँख में डाली. उसी शीशी से."

"झिपरी कौन? पोती है?"

"नहीं जी, मुर्गी."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. तेवढ्यात पिशवीतून झिपरी बोलली. त्यांनी टेबलावरून वाकून खाली पाहिलं.

"उसको भी ले आईं?"

"लाई ना साहेब," आजी म्हणाली. "दोनों का देख लो."

"माँजी, मैं चार पैर और पंख वालों को नहीं देखता. मैं दो पैर वालों का डॉक्टर हूँ."

"इसके भी दो ही हैं," आजी म्हणाली.

डॉक्टर हसले, पण आजीचा डोळा मशीनवर तपासताना हसले नाहीत. बराच वेळ पाहिलं. मी पिशवी छातीशी धरून उभी होते. मग म्हणाले की नशीब चांगलं, आतमध्ये काही गेलेलं नाही, वरवरचा लालपणा आहे. अजून थोडे दिवस असंच चाललं असतं तर डोळा हातचा गेला असता. जुनी शिशी त्यांनी स्वतः कचऱ्याच्या डब्यात टाकली, नवी लिहून दिली, आणि आजीला असं काही रागावले की ती आयुष्यात पहिल्यांदा मधे बोलली नाही.

झिपरीचं कोडंही तिथेच सुटलं. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशननंतरच्या या थेंबात सूज दाबायचं औषध असतं. तेव्हा मला उमजलं. रोज तो थेंब पडत होता म्हणून सूज उतरायची, डोळा उघडायचा, मी निश्चिंत व्हायचे, आणि आत घाण तशीच वाढत राहायची. मी इतके दिवस राखेला, वाऱ्याला आणि माझ्या हाताला दोष देत होते.

तिथून ढोरांच्या दवाखान्यात. तिथल्या डॉक्टरांनी मलम बदललं, पाण्यातून द्यायचं औषध दिलं, आणि म्हणाले, "डोळा वाचेल. बुबुळावर पांढऱ्या ठिपक्यासारखं बारीक फूल राहिलं तर राहील."

रागावून घेतल्यामुळे आजी मऊ झाली होती. झिपरी माझ्याकडे राहायला आली. दिवसातून तीनदा आजी बघायला यायची. येताना भिजवलेली ज्वारी आणायची आणि म्हणायची, "देवीची आहे, माहं काय जाते," आणि एकेक दाणा हाताने भरवायची. डोळा हळूहळू उघडला आणि या वेळी उघडाच राहिला. झिपरी धावायला लागली, माझ्या कोंबड्यांना टोचायला लागली, अंडी घालायला लागली.

एक सांगते. मी कोंबडी खाते, आवडीने खाते. पण जिच्या पापणीखालून अंगठ्याने गोळा काढला, जी डोळा उघडल्यावर पहिल्यांदा माझ्याकडे पाहते, तिचं वेगळं असतं. मी जेवढं चांगलं काम करत होते, तेवढा तिचा दिवस जवळ येत होता. आमचे हे म्हणाले, "आता कायले तोंड पाडून बसली? बरी झाली नं?" मी म्हटलं, "म्हणूनच."

मी आजीला फुलाबद्दल सांगितलं, बुबुळाच्या कडेला बारीक ठिपका राहिलाय म्हणून. ती म्हणाली, "मले तं काई दिसत नाई बाई. बोललेलं द्याच लागते."

चष्मा निघाला. त्या आठवड्यात आम्ही मातामायच्या ठाण्यावर गेलो. तिथला भगत शालिक, एरवी त्याचं सायकलींचं पंक्चर काढायचं दुकान आहे. नवसाचं जनावर वाहण्याआधी तो नीट तपासतो, तशी रीतच आहे. त्याने झिपरीचा तुरा पाहिला, नखं पाहिली, पंख पसरून पाहिले, ट्यूबमधलं भोक शोधावं तसं सगळं अंग पाहिलं. मग डोळ्याशी थांबला.

"आजी, इथं फूल आहे. मोहरीएवढं. खोट नसलेली बोलली होती नं तू?"

"कुठी? मले तं काई दिसून नाई राहिलं."

"नाई दिसत? मंग तुहा डोळा कोरा कुठी झाला? नवस लागूच नाई झाला. ने घरी."

आजी ताठ झाली. "माहा डोळा कोरा नाई? त्या बाभळीवरचा सरडा दिसून राहिला मले. तुह्या मिशीतले पांढरे केस मोजून देऊ का?"

"मंग फूल?"

आजीने झिपरीला दोन्ही हातांनी वर धरलं. नव्या डोळ्यासमोर आणलं. दोघी कितीतरी वेळ एकमेकींकडे बघत राहिल्या. फूल दिसत नाही म्हटलं तर डोळा बरा झाला नाही. दिसतं म्हटलं तर कोंबडी चालत नाही.

"दिसते," आजी म्हणाली. मग शालिककडे वळून, "पण मोहरीएवढं नाई, खसखशीएवढं आहे. तूच आपले डोळे दाखव एकदा सौंसरले."

शालिक हसू दाबत म्हणाला, "मंग कोंबडीच्या बदल्यात मोल ठेवा लागन. जे बोलली त्याचं पुरं मोल."

उलट्या पिसांच्या कोंबडीचं मोल साध्या कोंबडीच्या तिप्पट. आजीने घासाघीस करून पाहिली, म्हणाली फुलाची कोंबडी स्वस्त असते. शालिक म्हणाला, "मातामायसंग भाव करून राहिली?" शेवटी ठरलं की मोल पुरं, पण थोडं थोडं करून द्यायचं.

आजीने एक पैसा पदरचा घातला नाही. झिपरीची अंडी ती बाजाराच्या दिवशी विकायची, गावरान म्हणून चांगला भाव यायचा, आणि येताना ते पैसे ठाण्यावर शालिकच्या हातात ठेवायची. मध्ये झिपरी खुडुक बसली, अंडी बंद झाली. तेव्हा आजी ठाण्यावर जाऊन देवीसमोर उभी राहून सांगून आली की हिचं अंग तापलेलं आहे, जरा दम धर. पुढच्या बाजारापासून पुन्हा सुरू.

गेल्या पंधरवड्यात शेवटचे पैसे द्यायला आजी मला घेऊन गेली. झिपरीलाही घेतलं, पिशवीत नाही, काखेत. शालिकने नोटा मोजल्या, नाणी मोजली, कपाळाला लावली आणि म्हणाला, "फिटलं आजी."

"जोरानं म्हण. तिले ऐकू येऊ दे."

"फिटलं! पुरं फिटलं!"

आजीने झिपरीला खाली ठेवलं. "जाय," म्हणाली. "आता तू तुही."

झिपरीने पिसं झटकली, आणखीच विस्कटली, आणि सरळ ओट्यावर चढून मातामायपुढचे तांदूळ टिपायला लागली. शालिक हाकलायला उठला.

"राहू दे," आजी म्हणाली. "पुरे पैसे देल्ले आहे तिनं."